द्वादशीचा पाहुणा

सोलापूर जिल्ह्यांत, पूर्वीच्या निजामी मुलखाच्या अगदीं सीमेवर वसलेलें बार्शी हें गांव ज्वारीच्या पेठेसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु वैष्णवांच्या मनांत त्याचें स्थान निराळ्याच कारणानें आहे. येथें भगवंताचें देऊळ आहे. विष्णूचीं देवळें भारतवर्षांत असंख्य आहेत; तथापि नुसत्या 'भगवंत' ह्या नांवानें पुजला जाणारा देव आपल्याच गांवीं आहे, ह्याचा बार्शीकरांना मोठा अभिमान वाटतो. देऊळ हेमाडपंती धाटणीचें असून त्याचें बांधकाम तेराव्या शतकांतलें मानतात. मूर्ति काळ्या पाषाणाची. तिच्या मस्तकावर शिवलिंग, छातीवर भृगु ऋषींच्या पावलाची खूण, पाठीशीं लक्ष्मी. आणि शंख, चक्र, गदा यांच्या जोडीला भक्त अंबरीष राजालाहि देवानें आपल्यापाशीं ठेवून घेतलें आहे. द्वादशी, बारस आणि त्यावरून बार्शी, अशी गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति येथील लोक सांगतात.

पंढरपुरास एकादशी करावी आणि बार्शीस येऊन द्वादशीचें पारणें फेडावें, असा क्रम कित्येक वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले आहेत. पूर्वीं हा प्रवास पायीं किंवा बैलगाडीनें होई. १८९७ सालीं कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली. १९०६ सालीं तीच गाडी पंढरपुरास पोहोंचली, आणि एकादशीचा देव व द्वादशीचा देव एका रुळानें जोडले गेले. हा लोहमार्ग घालणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर होता. त्यानें मार्ग घातला तो व्यापाराच्या हिशेबानें, हें उघड आहे. तरी पुढें अनेक वर्षें त्याच्या गाडीनें वारकऱ्यांची ने-आण केली. ती छोटी गाडी आतां राहिली नाहीं. तिच्या जागीं रुंद रूळ आले आहेत. पण परक्या माणसाचा आणि आपल्या यात्रेचा संबंध कसा अकल्पित रीतीनें जुळतो, ह्याचें तें एक उदाहरण आहे. आज वाचकांपुढें आम्हांला जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो ह्याच संबंधाविषयींचा आहे. परका माणूस आपल्या उत्सवाला आला तर आपण त्याला कसें वागवावें. आणि आपण परक्यांच्या उत्सवाला गेलों तर तेथें आपण कसें वागावें?

पूर्वीं हा प्रश्न राजेरजवाड्यांपुरता होता. आतां तो माजघरांत आला आहे. एकेका कुटुंबांतील दोन-दोन, तीन-तीन मुलें परदेशीं नोकरीस किंवा शिक्षणास असतात. पुण्याजवळ रांजणगांवास एल्‌जी आणि तळेगांवास ह्युंदाई ह्या कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि त्या निमित्तानें आलेलीं कोरियन कुटुंबें पुण्यांत बिऱ्हाड करून राहतात. कचेरींतील सहकारी, शिकतांना जोडलेली मैत्रीण, क्वचित् घरची सून किंवा जांवईहि, असें कोणी ना कोणी आषाढींत नाहीं तर कार्तिकींत घरीं येतें, आणि घरांत दोन पक्ष पडतात. आजीबाईंचें म्हणणें, 'पाहुण्याला सगळें दाखवा, पण उंबऱ्याच्या अलीकडून. सोवळ्याचा स्वयंपाक आहे, देव पाण्यांत आहेत, उगाच गोंधळ नको.' नातवाचें म्हणणें, 'पूजा थोडी लवकर आटपूं, गुरुजींना चार मंत्र कमी म्हणावयास सांगूं, आरती पाहुण्याला नीट टिपतां येईल अशा उजेडांत करूं. तो इतक्या लांबून आला आहे!' दोन्ही पक्षांच्या मनांत पाहुण्याविषयीं वाईट भाव नसतो. पण एका पक्षाच्या हातून पाहुणा उपाशीं राहतो आणि दुसऱ्याच्या हातून व्रत मोडतें. दोन्हीकडून संकट असा हा पेंच आहे, आणि नवलाची गोष्ट ही कीं, बार्शीच्या मूळ कथेंतला पेंच नेमका हाच आहे.

ती कथा भागवताच्या नवव्या स्कंधांत आली आहे. अंबरीष राजानें वर्षभर द्वादशीव्रत केलें. व्रताच्या सांगतेस कार्तिकांत त्यानें तीन दिवस उपवास केला, पूजा केली, दानें दिलीं, आणि आतां पारणें सोडावयाचें इतक्यांत दुर्वास ऋषि दारीं आले. राजानें त्यांना भोजनाचें आमंत्रण दिलें. ऋषींनीं तें स्वीकारलें आणि स्नानास म्हणून नदीवर गेले, ते परत येईनात. इकडे द्वादशी संपावयास अर्धा मुहूर्त, म्हणजे घटकाच, उरली. द्वादशींत पारणें केलें नाहीं तर व्रत निष्फळ. आणि बोलावलेला अतिथि जेवल्याआधीं आपण जेवलों तर घोर अपराध. राजानें जाणत्या ब्राह्मणांना विचारलें. त्यांच्या सल्ल्यानें त्यानें नुसतें पाणी प्राशन केलें. कारण पाणी पिणें हें एका परीनें जेवणें आहे आणि एका परीनें जेवणें नाहीं. व्रत राखलें गेलें आणि अतिथीचें पानहि त्याची वाट पाहत राहिलें. दुर्वासांना मात्र हें पटलें नाहीं. त्यांनीं रागानें जटेंतून कृत्या उत्पन्न केली; तिला सुदर्शनचक्रानें जाळलें आणि तें चक्र ऋषींच्याच मागें लागलें. ब्रह्मदेव, शंकर, शेवटीं विष्णु, कोणीहि त्यांना आश्रय देऊं शकलें नाहीं. विष्णूनें सांगितलें, 'मी भक्तांच्या आधीन आहें, अंबरीषाकडेच जा.' ऋषि परत आले तेव्हां एक वर्ष लोटलें होतें, आणि तें सारें वर्ष राजा केवळ पाण्यावर राहिला होता. त्यानें चक्राची प्रार्थना करून ऋषींना सोडविलें, त्यांना पोटभर जेवूं घातलें, आणि मगच स्वतः घांस घेतला. पुराणांत ही कथा यमुनातीरीं मधुवनांत घडते. बार्शीकर ती आपल्या गांवची मानतात. श्रद्धेच्या भूगोलांतले असे वाद मिटवावयाचे नसतात.

ह्या कथेंत यजमानाला धडा आहे तसाच पाहुण्यालाहि आहे. पाहुण्यासाठीं व्रताची तिथि हलत नाहीं, हें एक. व्रतासाठीं पाहुण्याला दाराबाहेर ठेवतां येत नाहीं, हें दुसरें. आणि आपल्यासाठीं उत्सवानें थांबावें अशी ज्या पाहुण्याची अपेक्षा असते, त्याला त्याचाच राग पळवीत सुटतो, हें तिसरें. ह्या तीन गोष्टी हातीं धरून, परके लोक मराठी मंडळींच्या उत्सवांत कसे आले आणि काय घेऊन गेले, हें थोडें पाहूं.

१८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींत टॉमस ब्रॉटन नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता. रेसिडेंटाबरोबरच्या शिबंदीचा तो प्रमुख. त्या वर्षभर त्यानें आपल्या भावाला पत्रें लिहिलीं, आणि १८१३ सालीं तीं पुस्तकरूपानें लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. त्यांत शिंद्यांच्या डेऱ्यांतल्या होळीचें वर्णन आहे. तबकांतून अबीर आला, चांदीच्या पिचकाऱ्या आल्या. प्रारंभीं महाराजांनीं गुलाबदाणीनें पाहुण्यांवर थोडें थोडें रंगीत पाणी शिंपडलें आणि मग सर्वांनाच मोकळीक झाली. महाराजांच्या अंगावर कोणी रंग उडवावयाचा नाहीं असा दरबारी दंडक; पण पाहुण्यांपुरता तो महाराजांनीं आपण होऊन सैल केला. पाहुण्यांना वाटलें, आतां आपली पाळी आली. तोंच सहा-सात माणसें चालवीत असलेल्या एका मोठ्या बंबाची नळी महाराजांच्या हातीं आली, आणि पिवळ्या पाण्याच्या धारेखालीं त्या डेऱ्यांत एकाचेंहि वस्त्र कोरडें राहिलें नाहीं. ब्रॉटन हा सत्ताधीशांचा माणूस होता, आणि आपल्या लोकांविषयीं त्यानें पुष्कळ ठिकाणीं उपरोधानेंच लिहिलें आहे. पण ह्या एका प्रसंगीं तो भिजला आणि हंसला. दरबारानें त्याच्यासाठीं वेगळी, सभ्य, कोरडी होळी मांडली नाहीं. आपल्याच होळींत त्याला ओढलें. दंडक सैल झाला तो यजमानाच्या खुशीनें, पाहुण्याच्या हट्टानें नव्हे.

दुसरें उदाहरण माळव्यांतील मराठी संस्थान देवासचें. १९२१ सालीं देवास थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून ई. एम्. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार कांहीं महिने तेथें राहिला. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें गोकुळअष्टमीचा उत्सव झाला. राजेसाहेब उत्सवाच्या दिवसांत जुन्या वाड्यांत राहावयास जात, फॉर्स्टरहि गेला. घरच्या माणसांना लिहिलेल्या पत्रांतून त्यानें जें पाहिलें तें कळविलें, आणि तीं पत्रें १९५३ सालीं 'द हिल ऑफ देवी' ह्या पुस्तकांत छापलीं गेलीं. आठ-आठ गाणाऱ्यांच्या टोळ्या दोन-दोन तासांनीं बदलत होत्या आणि देवापुढचें भजन रात्रंदिवस अखंड चाललें होतें. आमच्या वाचकांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. आपल्या नामसप्ताहांतले पहारे ते हेच. पण फॉर्स्टरला तो आवाज असह्य झाला. देव्हाऱ्यावर इतकी गर्दी कीं मूर्ति दिसेना; सजावटींत मेळ नाहीं, शोभा नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. तरीहि तो पळाला नाहीं. सर्वांबरोबर अनवाणी वावरला, मिरवणुकींत चालला, आणि मातीचें गोकुळ तळ्यांत विसर्जन होईपर्यंत थांबला. आणि त्याला एक गोष्ट दिसली. झांजा घेऊन देवापुढें नाचत गाणाऱ्या राजेसाहेबांचा चेहरा पालटला होता, आणि त्या आनंदाविषयीं शंका घेण्यास जागा नव्हती. पुढें १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'अ पॅसेज टु इंडिया' ह्या कादंबरीचा शेवटचा भाग त्यानें ह्याच उत्सवावर रचला, आणि त्यांत गाणाऱ्यांच्या तोंडीं तुकोबांचें नांव घातलें. देहूच्या वाण्याचें नांव अशा रीतीनें जगाच्या वाङ्‌मयांत गेलें तें एका गोंगाटाला कंटाळलेल्या पाहुण्यामुळें!

फॉर्स्टरला सर्व आवडलें असतें तर कदाचित् आमचा त्याच्यावर इतका विश्वास बसला नसता. पाहुण्यानें आपल्या प्रत्येक गोष्टीला 'अहाहा' म्हणावें अशी आपली एक छुपी हौस असते. तिच्यापायीं आपण त्याच्यापुढें खरें तें झांकतों आणि बरें तेवढें मांडतों. देवासच्या राजेसाहेबांनीं तसें केलें नाहीं. त्यांचें लक्ष देवाकडे होतें. पाहुण्याच्या मताकडे नव्हतें. आणि म्हणूनच पाहुण्याला जें दिसावयाचें तें दिसलें.

स्वातंत्र्यानंतर आलेले पाहुणे निराळ्या जातीचे होते. ते आपली भाषा शिकून आले. गी दलरी हा फ्रेंच जेझुइट पंथाचा विद्वान् ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपुरापर्यंत चालला. विठ्ठलसंप्रदायावरचा त्याचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६० सालीं प्रसिद्ध केला. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडितानें धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर बसून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर १९७६ सालीं जर्मन भाषेंत ग्रंथ लिहिला. शहरांतल्या शिकलेल्या मराठी माणसानें ज्या ओव्यांकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें, त्या हायडेलबर्गच्या विद्यापीठांत अभ्यासिल्या गेल्या. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ह्या ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर अ‍ॅन फेल्डहाउस ह्या अमेरिकन विदुषीनें केलें, तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या मंडळींना कोणीं खुर्ची टाकून बसविलें नव्हतें. त्यांनीं चालून, बसून, ऐकून आपली जागा मिळविली. जो दूर उभा राहून पाहतो त्याला गर्दी दिसते. जो दिंडींत चालतो त्याला दिंडीची शिस्त कळते, हा वारीचा धर्मच आहे.

परंतु परका कोण, हा प्रश्न केवळ गोऱ्या कातडीपाशीं थांबत नाहीं. इरावतीबाई कर्वे वारीबरोबर चालल्या आणि त्यांनीं 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडींत, एकाच विठोबाचें नांव घेत चालणारे ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंक्तींना बसतात, हें पाहून त्यांच्या मनाला झालेली व्यथा त्या लेखांत आहे. आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधि आहे. ज्याचे अभंग आपण देवघरांत बसून म्हणतों तो संत जन्मभर त्या दाराच्या बाहेर उभा राहिला. त्याच्या जातबांधवांना तें दार उघडावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यांत पंढरपुरांत उपोषण करावें लागलें. शेंकडों वर्षें आपल्याच उत्सवांत आपल्याच माणसांना आपण परकें ठरविलें होतें, ही गोष्ट परदेशी पाहुण्याचें कौतुक करतांना विसरतां कामा नये. साता समुद्रांपलीकडच्या साहेबाला ज्या घरांत पहिल्या पंक्तीचा मान मिळतो, त्याच घरांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईला द्वादशीचा प्रसाद मागच्या दारीं द्यावयाचा, हें आतिथ्य नव्हे. तो गोऱ्या रंगाचा नुसता दबदबा झाला. अंबरीषाच्या गांवीं तरी पाहुण्यापाहुण्यांत असा भेद नसावा.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. आज आपलीं मुलें जेथें जेथें जातात तेथें त्यांचा तिथल्या उत्सवांशीं संबंध येतो. उदाहरणादाखल कोरिया देशच घ्या. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर कांगनुंग नांवाचें शहर आहे. तेथें 'दानोजे' नांवाचा उत्सव होतो; २००५ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या थोर परंपरांत त्याची गणना केली. त्याचा मुख्य दिवस तेथील चांद्र पंचांगाच्या पांचव्या महिन्यांतली पंचमी. इंग्रजी तारखेप्रमाणें तो दरवर्षीं मागेंपुढें होतो, आणि 'यंदा केव्हां?' असें पंचांग पाहूनच सांगावें लागतें. एवढ्यावरूनच मराठी घरांतल्या माणसाला तो देश परका वाटूं नये! उत्सवाची तयारी महिनाभर आधीं सुरू होते. नगरवासी घरोघरचा तांदूळ आणून देतात आणि त्या तांदळाचें देवाचें मद्य गाळतात. मग जवळच्या तेग्वाल्ल्यंग पर्वतावरच्या देवाला झाडाच्या फांदीच्या रूपानें वाजतगाजत खालीं शहरांत आणतात. त्या दिवसांत मंत्रतंत्र जाणणाऱ्या स्त्रिया दिवसच्या दिवस देवापुढें गाऊन-नाचून लोकांसाठीं मागणें मागतात. मुखवटे घालून मुकें नाटक करतात. पुरुष कुस्त्या खेळतात, बायका उंच झोके घेतात. आपल्याकडच्या नागपंचमीची आठवण व्हावी! आणि ह्या सणाला त्या देशांतील स्त्रिया पूर्वापार ज्या पाण्यानें केस धूत आल्या आहेत तें उकळतात वेखंड घालून. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या बाळगुटींत जें उगाळतात तेंच हें वेखंड. हजारों कोसांवरच्या दोन देशांतल्या आयाबायांनीं एकाच पाणवनस्पतीला घरांत जागा द्यावी, ही गोष्ट आम्हांला तर फारच गोड वाटली.

पण ह्याच उत्सवांत आपल्या मुलीची किंवा सुनेची परीक्षाहि होते. देवाचें तें मद्य आणि वनस्पति घालून केलेल्या तांदळाच्या वड्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्याहि हातावर ठेवतात. तो तेथला प्रसाद आहे. घरीं मद्याला शिवावयाचें नाहीं असा नियम असलेल्या मराठी मुलीनें अशा वेळीं काय करावें? नाक मुरडून मागें सरावें, तर यजमानाचा अपमान. भिडेनें घ्यावें, तर आपला नेम मोडला. येथें बार्शीचा राजा मदतीस येतो. त्या देशांत वडिलधाऱ्यांकडून कांहीं घ्यावयाचें तर दोन्ही हातांनीं घेण्याची रीत आहे. पेला दोन्ही हातांनीं घ्यावा, मस्तक लववावें, आपला नेम आहे हें नम्रपणें सांगावें, आणि पेला शेजारच्या माणसाच्या हातीं द्यावा. तांदळाची वडी मात्र आनंदानें खावी. अंबरीषाचा पाण्याचा घोट तो हाच : घेतलें असेंहि झालें, आणि नेमहि राहिला. दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारा असा एक घोट बहुधा प्रत्येक उत्सवांत सांपडतो. तो शोधण्याइतका धीर मात्र हवा.

हेंच सूत्र आपल्या घरीं येणाऱ्या पाहुण्याला लावूं या. पूजा जेव्हां व्हावयाची तेव्हांच व्हावी. एकहि मंत्र त्याच्यासाठीं गाळूं नये आणि एकहि त्याच्यासाठीं वाढवूं नये. पण तो येण्याआधीं दोन दिवस त्याला सांगून ठेवावें कीं, एकादशीला घरांत अन्न शिजणार नाहीं. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळीं असा फराळ असेल. पुरतें जेवण दुसऱ्या दिवशीं. आधीं सांगितलेल्या उपवासाची पाहुण्याला गंमत वाटते. न सांगितलेल्या उपवासानें तो नुसता भुकेला राहतो. जोडे कोठें काढावयाचे, पाय कोठें धुवावयाचे, हें त्याला घरांतल्या एखाद्या मुलानें पुढें होऊन स्वतः करून दाखवावें. मांडी घालून बसतां येत नसेल तर त्याला मुकाट्यानें उंच आसन द्यावें; त्याची चर्चा करूं नये. देवळांत जावयाचें असेल तर तेथला नियम आधीं विचारून घ्यावा, म्हणजे दारांत फजिती होत नाहीं. फोटो काढावयाचे असतील तर आरतीच्या आधीं किंवा नंतर. आरतीच्या वेळीं त्याच्या हातांत यंत्र नसावें, टाळ असावा.

ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाहुण्याला काम द्यावें. फुलें निवडावयास, तुळशी खुडावयास, पानें मांडावयास, पंक्तींत पाणी वाढावयास. ज्याच्या हातांत काम असतें त्याला आपण कोठें उभें राहावें हें कळतें, आणि ज्याला उभें राहण्याची जागा कळली तो परका उरत नाहीं. आजीबाईंच्या सोवळ्याचाहि प्रश्न त्यांतून बहुधा सुटतो. सोवळ्याच्या चुलीपाशीं घरचींहि सगळीं माणसें कोठें जात असतात? नातवंडांनीं चुलीपासून दूर राहून जी कामें करावयाचीं तींच पाहुण्यानें केलीं, तर तो नातवंडांच्याच ओळींत जाऊन बसतो. आजीबाईंचा नेम अबाधित राहतो, आणि त्यांना आणखी एक नातवंड मिळतें. घरांतल्या दोन पक्षांचा तंटा अशा रीतीनें मिटलेला आम्हीं पाहिला आहे. तोडगा काढण्याचें काम बहुतेक वेळां मधल्या पिढीच्या सुनेकडे येतें, आणि त्याचें श्रेय मात्र तिला क्वचितच मिळतें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

पाहुण्यानें प्रश्न विचारले तर सरळ उत्तरें द्यावींत. 'हें कां करतां?' असें विचारल्यावर आपल्याकडचे शिकलेले गृहस्थ कांहीं तरी शास्त्रीय कारण पुढें करतात. तुळशीची हवा, उपवासाचें आरोग्य, घंटेचा नाद. विचारणारा शहाणा असेल तर त्याला लगेच कळतें कीं, हा मनुष्य आपल्याच गोष्टीबद्दल संकोचला आहे. त्यापेक्षां 'आमची आई करीत असे म्हणून आम्ही करतों. आणि केलें कीं बरें वाटतें' हें उत्तर अधिक खरें आणि अधिक चांगलें. आणि जें आपल्याला ठाऊक नसेल तें त्याच्यासमक्ष आजीबाईंना विचारावें. अशा वेळीं पुष्कळ घरांत असें घडतें कीं, नातवानें जन्मांत कधीं न विचारलेली गोष्ट पाहुण्याच्या निमित्तानें प्रथमच बोलली जाते. अंबरीषाची कथा बार्शीच्या किती मुलांना पूर्ण सांगतां येईल? परका माणूस आपल्या घरीं येतो तो आपल्याला आपलें घर दाखवावयालाहि येतो. त्याच्या एका भाबड्या प्रश्नानें कोनाड्यांत पडलेला दिवा पुन्हां लागतो.

दुर्वासांच्या अंगीं तपाचें सामर्थ्य होतें. राजाच्या अंगीं केवळ वाट पाहण्याची तयारी होती. वर्षभर त्यानें तें पान तसेंच राखलें. ज्याच्या रागापायीं एवढा अनर्थ ओढवला तो पाहुणा जेवल्याशिवाय त्यानें स्वतः घांस घेतला नाहीं, आणि आपलें व्रतहि त्याच्यासाठीं मोडलें नाहीं. यंदाच्या द्वादशीला जर कोणी परदेशी पाहुणा आमच्या वाचकांच्या पंक्तीला असेल, तर त्याच्या पानावर पहिला वरणभात वाढतांना ही कथा त्याला त्याच्या भाषेंत, मोडकीतोडकी कां होईना, अवश्य सांगावी. आणि त्याच पंक्तींत घरांत राबणाऱ्या बाईचेंहि पान मांडावें. म्हणजे कथा पुरी होईल.